महबूबचाचांचं उघडं लोखंड

महबूबचाचा कुणाच्याही दारात आले की सलाम करण्याआधी त्यांच्या अंगठ्याचं नख कामाला लागायचं. दिसेल त्या रंगवलेल्या लोखंडावर ते नख फिरवायचे, जरा रंग उडवायचे आणि खाली काय आहे ते बघायचे. नळदुर्गात मी दवाखाना थाटला, त्या पहिल्याच आठवड्यात ते खोकल्याचं औषध न्यायला आले. औषध तयार होईपर्यंत त्यांनी माझ्या कोऱ्या पांढऱ्या खाटेचा एक पाय सोलून ठेवला होता.

"डाक्टरसाब, पेशंट भायेर बसलेत, पन बिमार तर तुमची खाट हाय," ते गंभीरपणे म्हणाले.

मी चिडलो. पंधरा दिवसांनी त्याच पायातून खाट मोडली आणि तिच्यावर झोपलेले गावचे पाटील थेट माझ्या मिठीत आले. चाचांनी खाट जोडून दिली, पैसे घेतले नाहीत. मात्र नव्या डॉक्टरनं पाटलांना कडेवर घेतलं, ही बातमी त्यांनी आठवडी बाजारात स्वतः फिरून पोहोचवली.

हैदराबादकडे जाणाऱ्या सडकेला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावांपासून ट्रकच्या चौकटीपर्यंत सगळं ते जोडायचे. अंगानं काटकुळे, ठिणग्यांनी जळालेल्या भुवया आणि सुतळीनं कानाला बांधलेला चष्मा. निजामाचं राज्य गेलं, आपला मुलूख आधी या राज्यात, मग त्या राज्यात गेला, चाचांचा ऐरणीजवळचा पाट काही हलला नाही.

त्या उलथापालथीत हैदराबादला निघून गेलेल्या एका जहागीरदाराची टप नसलेली, दोन माणसांची इंग्रजी गाडी मी स्वस्तात घेतली. अक्कल गहाण टाकून घेतली असं माझी पत्नी सुमती म्हणे. दुसऱ्याच महिन्यात तुळजापूरच्या वाटेवर एका वळणाला ती ज्वारीच्या रानात उलटी झाली. मी बाहेर फेकला गेलो म्हणून गळपट्टीचं हाड मोडण्यावर निभावलं. सुमती त्या दिवशी सोबत नव्हती. विलायती मासिकातल्या शर्यतीच्या गाड्यांना सीटामागं लोखंडी कमान असते, गाडी उलटली तरी डोकं वाचतं, हे मी तिला चित्र दाखवून सांगितलं.

"बसवा कमान," ती म्हणाली. "पण तुमच्या चित्रावर माझा भरवसा नाही. चाचांनी जबान दिली तरच मी गाडीत बसेन."

चाचांनी जाड नळ तापवून वाकवला, बुडाला सांधे जोडले, आठ दिवसांत कमान उभी केली. आता तिला गंजू न देण्यासाठी काय लावायचं, यावर आमचं वाजलं. मला चित्रातल्यासारखी लखलखीत निकेलचा मुलामा हवा होता. गावातला पेंटर म्हणे हिरवा ऑइलपेंट लावा. कुणी म्हणे शेंदूर जवसाच्या तेलात कालवून फासा, पूल बांधणारे तेच करतात. चाचा म्हणाले, "लोखंड तापवायचं, जवसाचं तेल पाजायचं, काळं झालं की पुसायचं. बस."

"म्हणजे उघडंच ठेवायचं?"

"भांडन कशाला? झाडाला विचारू."

श्रावणात त्यांनी त्याच नळाचे चार तुकडे केले. एकाला सोलापूरहून निकेलचा मुलामा चढवून आणला, एक हिरवा, एक शेंदरी, एक तेल पाजलेला काळा. चारही दुकानासमोरच्या कडुनिंबाला तारेनं टांगले. कोजागिरीपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरलं.

आश्विनात कर्नाटकातून तुळजापूरला पायी जाणाऱ्या लोकांची रीघ लागली, आणि कडुनिंबाखाली लटकलेलं ते शेंदरी लोखंड त्यांनी बघितलं. पहिल्या बाईनं हात जोडले, दुसरीनं हळदकुंकू वाहिलं. तिसऱ्या दिवशी नारळ फुटू लागले, लिंबं कापली जाऊ लागली. शेंदरी तुकडा मुख्य आणि बाकीचे तिघे त्याचे भाऊ, असंही कुणीतरी ठरवून टाकलं. मी धावतपळत दुकानात गेलो. चाचा खोबऱ्याचा तुकडा चघळत बसले होते.

"अहो चाचा, सांगा ना त्यांना! आपली परीक्षा बिघडली!"

"बिगडली? अवो, नारळाचं पानी, लिंबू, हळद, धूर! असली परीक्षा तर विलायतेत बी होत न्हाय. आन् म्या काय सांगू त्यांना? महबूब लोहार म्हनतो ह्ये द्येव न्हाय? आधी खोबरं घ्या."

कोजागिरीनंतर तुकडे उतरवले. निकेलला देवी रोगाच्या व्रणांसारखे ठिपके पडले होते. शेंदराच्या तुकड्यावर भक्तांनी इतका शेंदूर चढवला होता की आत लोखंड आहे की लाकूड, ते कळेना. हिरवा रंग मात्र तसाच तुकतुकीत होता. मी विजयी चेहऱ्यानं चाचांकडे बघितलं. चाचांचं नख पुढं झालं. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खालून तांबडा भुगा सांडला. काळ्या तुकड्यावर गंज होता, अगदी उघडावाघडा, कुणालाही दिसेल असा. चाचांनी तेलाच्या फडक्यानं पुसला, गेला.

"ह्यो काळा रोग लपवत न्हाय. तुमी पेशंटला चादर गुंडाळून तपासता का?"

मग फडक्याची घडी घालत त्यांनी सांगितलं. त्यांच्या धाकट्या भावाचा टांगा होता. उरुसासाठी चाचांनीच त्याच्या चाकांचा आस लाल रंगानं रंगवला होता. रंगाखाली भेग होती. बोरी नदीच्या उतारावर आस तुटला आणि भाऊ जागीच गेला. "लई सुंदर रंग दिलता म्या," ते म्हणाले. त्यांना असं बोलताना मी पुन्हा कधी ऐकलं नाही, आणि निकेलचं नाव मीही पुन्हा काढलं नाही.

कमानीला तेल पाजलं. पण सुमतीनं विचारलं तेव्हा चाचांनी जबान दिली नाही. "वैनीसाब, दर शुक्रवारी डाक्टरसाबनी स्वता तेल लावायचं. बुडापासून बुडापत्तुर, बोटांनी. जमतं का बघू, मग बोलू."

पहिले दोन शुक्रवार मी मन लावून तेल लावलं. मग वरवर फडकं फिरवू लागलो. चौथ्या शुक्रवारी चाचा घरी आले, चहा घेतला आणि सुमतीसमोर विचारलं, "काय घावलं का?"

"काही नाही. कमान ठणठणीत आहे."

त्यांनी माझं बोट धरून सांध्याजवळ नेलं. तिथं बारीक रेघ होती. मी खाली वाकून तिच्यावर पुन्हा पुन्हा नख फिरवलं. चाचा तोंडावर उपरणं धरून हसत होते. दहा दिवसांपूर्वी सुईनं त्यांनीच ती ओढून ठेवली होती. सुमती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"घाबरू नका. तेल लावा, आन् कोरडं पुसा. नुसता वरखडा असंल तर साफ व्हतं. भेग असंल तर पुसल्यावर बी तेल आतून परत वर येतं."

त्यानंतर वर्षभर ते अधूनमधून रेघा ओढत राहिले, कधी डावीकडं, कधी आडव्या नळीच्या खाली, आणि मी त्या शोधत राहिलो. लागोपाठ सहा रेघा सापडल्या त्या दिवशी ते सुमतीला म्हणाले, "वैनीसाब, जबान दिली. बसा." ती पदर खोचून बसली आणि आम्ही तुळजापूरला जाऊन आलो. पुढं पाच-सहा वर्षं ती गाडीतून फिरली. चाचांच्या रेघाही चालूच होत्या.

चाचा गेले ते थंडीत, चार दिवसांच्या तापानं. माझ्या औषधानं काही झालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण करून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता आणि आम्हाला दोघांना सोलापूरला जायचं होतं. निघण्याआधी तेल लावत होतो. त्यांनी स्वतः जोडलेल्या डाव्या सांध्यावर बोट अडलं.

"आली बघ म्हाताऱ्याची खोडी!" मी हसत सुमतीला हाक मारली.

ती बाहेर आली आणि हातातली पिशवी तिनं पायरीवर ठेवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, रेघ ओढायला चाचा आता नव्हते. मी ती रेघ कोरडी पुसली. तेल आतून परत वर आलं.