घमेल्यांच्या कारखान्यातलं स्टॉपवॉच

माझी पहिली नोकरी घमेली बनवणाऱ्या कारखान्यात. मेकॅनिकलचा डिप्लोमा हातात पडला तेव्हा पुण्याच्या एखाद्या मोठ्या कंपनीत आपण पांढरा कोट घालून हिंडतोय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं. नशिबात आली ती मनमाड रस्त्यावरची पत्र्याची एक लांबलचक शेड, दोन प्रेस आणि लोखंडी पत्र्याच्या गोल चकत्यांचे ढीग. आमचं घर भिंगारला. वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन कामगार होते. मी सकाळी सायकल काढून सगळं नगर ओलांडायचो आणि घाम पुसत शेडमध्ये शिरायचो. "इंजिनिअर झालास ना, मग कुठलंही यंत्र आपलंच," असं वडील म्हणायचे. मला मात्र मित्रांना सांगताना 'घमेली' हा शब्द जड जायचा. मी 'शीटमेटल' म्हणायचो.

ते बाहत्तरचं साल. पाऊस झालाच नव्हता. जिल्हाभर दुष्काळी कामं निघाली होती. कुठे रस्ता, कुठे पाझर तलाव. खणणाऱ्याला टिकाव-फावडं आणि माती वाहणाऱ्याला घमेलं, एवढीच काय ती हत्यारं. त्यामुळे गावंच्या गावं सुकत चाललेली असताना आमची शेड मात्र कधी नव्हे एवढी गजबजली होती. जेवणाच्या सुट्टीत कामगारांच्या फडक्यांतून रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लालसर भाकरी निघायच्या. पाणी टँकरचं. आणि बाहेर ट्रक माल भरायला थांबलेले.

मालकांचं पूर्वी बाजारात हार्डवेअरचं दुकान होतं. शिक्षण बेताचं, पण नवं काही दिसलं की ते आपल्याकडे करून बघायची हौस दांडगी. एकदा ते पुण्याला एका कारखान्यात जाऊन आले. तिथे एक माणूस घड्याळ घेऊन प्रत्येक यंत्राजवळ उभा राहतो आणि कामगाराच्या हालचालींची वेळ टिपतो, हे त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून एक नवंकोरं स्टॉपवॉच माझ्या हातात ठेवलं. मागणीएवढा माल निघत नव्हता. वेळ नेमका कुठे जातो ते मी शोधून काढायचं होतं.

मला आभाळ ठेंगणं झालं. आपण जे शिकलो ते आता कुणाच्या तरी कामाला येणार होतं.

पहिल्या प्रेसवर जे होते त्यांना सगळे मामा म्हणत. पन्नाशीचे, काटक, पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यातले. घरी कोरडवाहू जमीन होती, ती धाकटा भाऊ बघायचा. मामा आठवड्याला घरी जायचे. ते कारखान्यात सगळ्यात जुने. काम साधं दिसायचं. साबण आणि तेलाचा लेप लावलेली चकती खालच्या साच्यावर ठेवायची, पायाने पट्टी दाबायची, वरचा ठोकळा खाली यायचा आणि क्षणात सपाट पत्र्याला घमेल्याचा खोलगट आकार यायचा. ते उचलायचं, बाजूला ठेवायचं, की पुढची चकती.

मी मामांच्या पाठीमागे उभा राहिलो आणि घड्याळ सुरू केलं. आठ-दहा घमेली झाली की मामा थांबायचे. कमरेचं फडकं काढून साचा आतून पुसायचे. एखादं घमेलं उचलून त्यावर नखाने टिचकी मारायचे आणि कानाजवळ धरायचे. एखादी चकती हातात घेऊन तोलायचे, बाजूला टाकायचे आणि शेडच्या टोकाला थप्पी होती तिथवर चालत जाऊन दुसरी आणायचे. मी हे सगळं सेकंदासकट लिहीत होतो. वहीत एक रकाना केला होता, 'वाया गेलेला वेळ'. त्यावर लाल पेन्सिलीने रेघ मारली होती.

दुसऱ्या प्रेसवर देवळाली प्रवऱ्याकडचा एक तिशीतला गडी होता. आयटीआय केलेला, अंगाने भरलेला. तो चकती ठेवायचा, दाबायचा, उचलायचा. मध्ये थांबणं नाही, बघणं नाही. त्याच्या पाठीमागे उभं राहताना मलाच आनंद व्हायचा.

आठ दिवसांनी मी अहवाल दिला. आलेख काढला होता, शाई फुटू न देता. मालकांना तो फार आवडला. त्यांनी तो केबिनच्या भिंतीवर लावला आणि दुसऱ्या दिवसापासून मामांचा पहिला प्रेस त्या देवळालीच्या गड्याकडे दिला. त्याच्या जागी दुसऱ्या प्रेसवर एका नवीन माणसाला बसवलं, आणि मामांना मागच्या अंगणात तयार मालाच्या थप्प्या लावायला पाठवलं. हे सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. मामा वाद घालतील म्हणून मी उत्तरं पाठ करून गेलो होतो. मामांनी ऐकून घेतलं. कमरेचं फडकं सोडून प्रेसच्या दांड्यावर टाकलं आणि ते अंगणाकडे निघून गेले. पाठ केलेली उत्तरं माझ्याजवळच राहिली.

पहिल्या आठवड्यात माल खरोखरच वाढला. मालकांनी सगळ्यांना दुधाचा चहा पाजला. त्या दिवसांत दूध मिळणं सोपं नव्हतं. मीही प्यालो, आणि घरी जाऊन वडिलांना आलेखाची हकिगत सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, की तो पहिला माणूस काय म्हणाला. काही नाही म्हणाला, असं मी सांगितलं.

मग तक्रार आली. पारनेरकडच्या एका पाझर तलावाच्या कामावर आमची घमेली फुटत होती. मालकांनी मला माल घेऊन जाणाऱ्या ट्रकमध्ये बसवून दिलं, म्हणाले, स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.

एवढी माणसं एका जागी काम करताना मी तोवर पाहिली नव्हती. खाली खोल खड्डा, वर बांध, आणि दोन्हींच्या मध्ये बायकांची लांबच लांब रांग, डोक्यावर घमेली घेऊन चढणारी आणि रिकामी घेऊन उतरणारी. आवाज फारसा नव्हता. टिकावाचे घाव आणि धूळ. मुकादमाने मला एका बाभळीखाली नेलं. तिथे आमची घमेली पडली होती, पंधरा-वीस तरी. सगळ्यांना तडा एकाच जागी, बूड जिथे वळतं तिथे.

रांगेतून एक बाई पाणी प्यायला आल्या होत्या. माझ्या आईच्या वयाच्या असतील. डोळे धुळीने लाल झाले होते. त्यांच्या घमेल्यालाही तडा होता आणि त्यांनी त्यात आतून चिंधी कोंबलेली होती. मुकादमाने त्यांना सांगितलं, हे कारखान्यातले साहेब.

"तुमी बनिवता व्हय ही?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग यवढं बगा. वर बांधापतुर जाईस्तवर निम्मी माती वाटंतच सांडती. डोळ्यात जाती ती येगळीच. माजी फेरी पुरी हुती अन् माती निम्मीच पडती."

आवाजात राग नव्हता. हवापाणी सांगावं तसं सांगितलं, ओंजळीने पाणी प्याल्या, पदराने तोंड पुसलं, आणि तेच घमेलं उचलून पुन्हा रांगेत गेल्या. मी त्यांना वर चढताना पाहत राहिलो. घमेल्याच्या बुडातून मातीची बारीक धार त्यांच्या खांद्यावर पडत होती. दिवसभरात किती फेऱ्या होत असतील याचा हिशोब मी मनात करायला लागलो आणि अर्ध्यावर सोडून दिला. आमच्या शेडमध्ये जो वेळ मी वाचवला होता तो इथे ह्या बाईंच्या पायांनी भरून द्यावा लागत होता. हे वाक्य मला आज सुचतंय. तेव्हा मी फक्त बाभळीखालची दोन फुटकी घमेली उचलली.

येताना ती मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसलो. सकाळी कारखान्यात आलो तो केबिनकडे न जाता सरळ मागच्या अंगणात गेलो. मामा थप्प्या लावत होते. मी घमेलं पुढे केलं. त्यांनी तड्यावरून अंगठा फिरवला, उन्हाकडे धरून पाहिलं.

"पातळ पत्रा हाय," ते म्हणाले. "अन् साच्यात कचरा ऱ्हायलाय. ह्यो वरखडा बगा."

मग त्यांनी खाली बसून मला समजावून सांगितलं. पत्र्याच्या एकाच गठ्ठ्यात जाड आणि पातळ चकत्या मिसळून येतात. पातळ चकती जाड चकतीच्या मापाच्या साच्यात दाबली की वळणावर ताणली जाते. पत्र्यावरचा काळा पापुद्रा सुटून साच्यात पडतो, तो पुसला नाही तर प्रत्येक घमेल्याला ओरखडा काढतो. साचा तापला की साबणाचा लेप वाळतो, थोडं थांबावं लागतं. आणि तडा केसाएवढा असताना डोळ्याला दिसत नाही. टिचकी मारली की चांगलं घमेलं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. माझ्या लाल रेघेखालच्या रकान्यातली एकेक ओळ ते मला उलगडून सांगत होते. मी त्यांना वही दाखवली नव्हती.

"मामा, हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुठं?" ते म्हणाले. "तुमी पाठीमागं हुबं ऱ्हायला. पाठीमागच्या मानसाशी बोलायचं कसं?"

मी घमेलं परत घेतलं. मी केबिनमध्ये गेलो. नोकरी जाणार हे धरूनच चाललो होतो. तलावावर काय पाहिलं, मामांनी काय सांगितलं आणि माझ्या अहवालात काय चुकलं, ते सगळं एका दमात सांगितलं. मालकांनी घमेलं खिडकीच्या उजेडाकडे धरलं. तड्यातून उजेड आत येत होता.

"चूक तुमची एकट्याची नाही," ते म्हणाले. "आलेख मला आवडला होता." मग खुर्चीतून उठून त्यांनी तो भिंतीवरून काढला. "आता काय करायचं ते मामांनाच विचारा. आणि ती बाभळीखालची सगळी घमेली बदलून द्या."

मामा प्रेसवर परत आले. त्यांची एकच अट होती, मी समोर बसायचं. मी स्टूल घेऊन समोर बसलो आणि आठ दिवस नुसतं विचारत राहिलो. त्यातून कळलं की सर्वांत जास्त वेळ खरोखर चालण्यातच जात होता. चकत्यांची थप्पी शेडच्या टोकाला होती आणि ती प्रेसजवळ आणा असं मामांनी आधीच्या फोरमनला दोनदा सांगितलं होतं. आम्ही थप्पी जवळ आणली. चकत्या कापणाऱ्या दोघांनी कापतानाच जाड आणि पातळ वेगळ्या लावायच्या असं ठरवलं, म्हणजे तोलून बघायला नको. जाड पहिल्या प्रेसला, पातळ दुसऱ्याला, आणि दुसऱ्याचा साचा त्या मापाने बसवला. साबणाचा डबा हाताच्या उंचीवर आला. ह्यातलं एकही काम माझ्या डिप्लोम्याच्या पुस्तकात नव्हतं असं नाही. पण कोणतं आधी करायचं ते पुस्तकाला ठाऊक नव्हतं.

देवळालीचा गडी मात्र नाराज होता. दुसऱ्या प्रेसवर परत जाताना तो मला म्हणाला, "मला कुणी थांब म्हणलंच न्हाई, साहेब. जोरात चालव म्हणले, म्या चालवला." त्याचं खरं होतं. मामांनीच त्याला सावरलं. जेवणाच्या सुट्टीत ते त्याला जवळ बसवायचे, दोन घमेली पालथी घालून एकामागून एक वाजवायचे आणि फुटकं कोणतं ते त्याला डोळे मिटून सांगायला लावायचे. पहिल्यांदा तो चुकायचा, सगळे हसायचे, तोही हसायचा. महिनाभरात त्याचा कान बसला. हात मुळातच चपळ होता, त्यामुळे पुढे त्याचं काम पाहण्यासारखं झालं. आणि महिनाअखेरच्या आठवड्यात, मालकांच्या त्या दुधाच्या चहाच्या आठवड्यात निघाला होता त्याहून थोडा जास्तच माल निघाला. परत एकही घमेलं आलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस बरा पडेल अशी लक्षणं दिसू लागली तसे मामा अस्वस्थ झाले. एक दिवस येऊन म्हणाले, आता गावी जातो, भाऊ एकटा पडतोय. मालकांनी त्यांना फोरमन करतो म्हणून सांगितलं. मामांनी नाही म्हणून मान हलवली. "वावर हाय माजं," एवढंच म्हणाले. जायच्या आधीचे चार दिवस त्यांनी दोन्ही साचे खोलून, पुसून, तेल देऊन बसवले. मी त्यांच्याकडून सगळं विचारून एका कागदावर लिहून काढलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. एका ठिकाणी मी 'आवश्यक असल्यास साचा पुसावा' असं लिहिलं होतं. ते म्हणाले, आवश्यक असल्यास नको, पुसावाच.

मी त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. पारनेरची गाडी भरलेली होती, पण त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभा राहून काहीतरी चांगलं बोलायला शब्द शोधत होतो. तोवर मामा शेजारच्या माणसाला विचारायला लागले होते, की यंदा बाजरीचं बियाणं कुठलं आणलंस.