केनवडवालीच्या कमरेचा दोर

आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. म्हणून ती केनवडवाली, मी धनजवाली. बचत गटातल्या आम्ही आठ जणी, सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या, दरवर्षी तालुक्याच्या महिला मेळाव्यात रस्सीखेच खेळतो. केनवडवाली सगळ्यात मागे, दोर कमरेला बांधून. तिच्यापुढे मी. सहा वर्षं तिचा श्वास मानेवर घेऊन मी दोर ओढला. आता तुम्हीच सांगा, अशा बाईवर कोणी संशय घेईल का? मी घेतला.

झालं असं, की यंदाच्या चिठ्ठ्यांत आमची गाठ केनवडच्याच बायकांशी पडली. त्यानंतर ही सरावाला दांड्या मारू लागली. "लेकीकडं वाशिमले जातो," म्हणे. पण माझ्या नवऱ्यानं तिला दोनदा केनवडच्या गाडीत चढताना पाहिलं. बाकीच्यांना विचारलं तर एक म्हणाली, "असंल काही काम," आणि दुसरी मेथीच्या जुड्या बांधू लागली. मी ओट्यावर जाऊन बसले की चाललेलं बोलणं थांबायचं.

हिची वहिनी केनवडच्या संघात सगळ्यात पुढे उभी राहते. मी मनाशी पक्कं केलं, वहिनीनं हिला फोडलं, आणि या सगळ्यांना ते माहीत आहे. हारजीत गेली चुलीत, पण घरात कोणाला न सांगितलेलं मी हिला सांगितलं होतं. ती माझी आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

मेळाव्याच्या चार दिवस आधी ती शाळेच्या मैदानावर आली. मी म्हटलं, "आज गाठ मी बांधतो."

"काहून? मले येत नाई काय?"

"तुही गाठ सैल राह्यते."

ती मागे सरकली. ते सरकणं पाहून माझी खात्रीच पटली. दोर कमरेभोवती घेतला तर हाताला मऊ काहीतरी लागलं. ओढून काढलं, तर जुन्या लुगड्याच्या घड्या, एकावर एक गुंडाळलेल्या.

"पाहा," मी सगळ्यांना दाखवलं, "ऐन वेळी दोर निसटावा म्हणून गादी बांधून आली."

मी रागानं दोर आवळला. एरवी एका वेढ्यात जेमतेम पुरणारा दोर आता वाळलेल्या कमरेला वेढा घेऊन हातभर उरला. लुगडं तिनं कशाला बांधलं होतं ते तेव्हा कळलं.

"पोटात गाठ हाय," ती म्हणाली. "भाऊ केनवडाहून अकोल्याले नेते दवाखान्यात. आता डॉक्टर म्हणते, घरीच खाऊपिऊ घाला."

"या साऱ्याईले माहीत, अन् मलेच नाई?"

"तुले सांगतलं असतं तर सांजेपर्यंत गावभर झालं असतं." ती हसली. "अन् तू मले दोराले हात लावू देला असता काय?"

नसता दिला. मी त्या घड्या झटकल्या आणि होत्या तशा तिच्या कमरेला बांधल्या. "आवळ वं," ती म्हणाली, "मी काय काचेची हाय?"

मेळाव्यात ती तिच्या जागी उभी राहिली. सगळा ताण मी माझ्या हातांवर घेतला. माझ्यामागे दोर नुसता लोंबत होता. शिट्टी वाजली. ज्या केनवडच्या बायकांनी मागल्या वर्षी आम्हाला गुडघ्यावर आणलं होतं, त्या दोन हिसक्यांत आमच्याकडे आल्या. रस्सीखेचीत आम्ही समोरच्यांच्या टाचा पाहतो. वहिनीच्या टाचा मातीत रुतल्याच नव्हत्या. तिची मान खाली होती.

"पाह्यलं काय?" केनवडवाली धापा टाकत म्हणाली. "अख्खं माहेर ओढलं मी."

दोन महिन्यांनी ती गेली. तेरवीच्या पंगतीत वहिनी वाढायला आली, तेव्हा त्या टाचांचा प्रश्न माझ्या ओठावर होता. ती नाही म्हणाली असती तर मला पटलं नसतं, आणि हो म्हणाली असती तर मग केनवडवालीनं काय ओढलं? वहिनी वरणाचं भांडं घेऊन माझ्यासमोर थांबली होती. मी म्हटलं, थोडंच वाढा.