ट्रॉली चढेल असा डोंगर

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा वाटणीत घाट जुन्या जिल्ह्याकडे राहिले आणि आमच्याकडे मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, आला. नव्या जिल्ह्याला स्वतःचं सगळं हवं होतं. शाळांचा स्काउट मेळावाही हवा होता, आणि तो डोंगरावरच. जुना जिल्हा डोंगरावर भरवत असे, म्हणून.

जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या शाळेतल्या दहावीच्या मुलांनी वर्षभर मैदानावर तंबू ठोकून सराव केला होता. शाळा सुटण्याआधी एक रात्र तरी डोंगरावर झोपायला मिळावं, एवढीच त्यांची मागणी. आठवड्यात जागा ठरली नाही तर मेळावा आमच्याच गावात, मैदानावर होणार होता.

मागणी साधी, पण डोंगर अडून बसलेले. तंबूला सपाट जागा हवी, आणि स्वयंपाकाच्या नि पाण्याच्या ट्रॉलीला वर चढायला वाट. औशाकडे एक माळ मिळाला, तिथं खालून कातळ. खुंटी आत जाईना, घण उडून पायावर आला. दुसरीकडे जमीन मऊ होती, पण ट्रॉली वळवायला जागा नव्हती. ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॉली भलत्याच दिशेला जाते, हे मी त्या आठवड्यात इतक्यांदा पाहिलं की अजूनही ट्रॅक्टर दिसला की मान आखडते. सोबतीला शिक्षण खात्याचे साहेब होते. सफारी घातलेले. ते जीपमधून न उतरता म्हणायचे, "दृश्य चांगलं आहे."

निलंग्याच्या बाजूला शेवटी जागा सापडली. वर सपाट मुरूम, महादेवाचं लहान देऊळ, चिंचेची सावली, आणि बैलगाडीची रुंद वाट. रिकामी ट्रॉली कुठंही चढते, म्हणून आम्ही तिच्यावरची पाण्याची टाकी भरून आणली होती. ट्रॅक्टर धापा टाकत चढला. खुंटी पहिल्या घावात बसली. त्या आठवड्यात मी प्रथमच हसलो असेन.

मागे वळलो तर देवळाच्या ओट्यापासून ट्रॉलीपर्यंत घागरींची रांग लागलेली. ज्यांच्याकडे घागर नव्हती त्यांनी नंबराला दगड ठेवला होता. त्या वर्षी दुष्काळ होता, टाकी दिसली की अख्खं गाव तिच्या मागे निघे. आमची टाकी त्यांच्या दारावरून गेली होती, आणि हे आम्हा दोघा शिकलेल्यांना सुचलं नव्हतं.

"गुर्जी, जिल्हा झाला तवा म्हनत हुते, आता समदं दाराशी येईल," पहिल्या घागरीची म्हातारी म्हणाली. "लई उशीर केलासा, पर आलं."

"मावशी, हे वाटायचं पाणी नाही. वजनासाठी आणलंय. ट्रॉली चढते का बघायला."

"चढली न्हवं?"

"चढली."

"मग झालं की वजन. सोडा आता तोटी."

रांगेत हशा पिकला. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे, आणि साहेबांनी दृश्याकडे. मी तोटी सोडली.

पोरांचा मेळावा भरला तर टाकी रोज येईल, हे मी बोलून गेलो. म्हातारी लगेच म्हणाली, "मग आना की पोरं. म्हैनाभर ठिवा. भाकरी आमी थापतो." बायका देवळापुढची जागा झाडायलाच लागल्या. मलाही वाटलं, जमलं.

उतरताना साहेब म्हणाले, "ही जागा चालणार नाही."

"का?"

"या गावाला टंचाई अजून मंजूर नाही. इथं रोज टाकी आली तर बाकीची गावं विचारतील."

"मग वर काय सांगायचं?"

"ट्रॉली चढत नाही म्हणून सांगा."

मी म्हणालो, ट्रॉली आपल्या मागेच आहे. रिकामी, खडखडत उतरत होती. साहेबांनी मागे पाहिलं नाही. तसल्या अहवालावर मी सही करणार नाही म्हटलं, तर त्यांनी स्वतःच केली. त्यांची सही माझ्याहून वळणदार होती.

मेळावा आमच्या गावातल्या मैदानावरच झाला. भाषणांना मांडव घातला होता, आणि मुलांचे तंबू पाहुण्यांच्या जीपगाड्यांसाठी दोनदा हलवावे लागले. संध्याकाळी माझ्या मुलांनी विचारलं, "गुरुजी, डोंगर मिळालाच नाही का?"

"मिळाला होता," मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. परीक्षा होऊन ती मुलं पांगली, आणि त्या वाटेनं टाकी गेल्याचं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.