गार्डाच्या घरची चूल

लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी सगळ्या गल्लीत सांगितलं की जावई सरकारी नोकर आहे. वनखात्यात आहे हेही सांगितलं. पण वनखातं म्हणजे कोल्हापुरातलंच कुठलं तरी ऑफिस असणार, असा त्यांचा हिशेब. माझाही तसाच होता, त्यामुळे त्यांना एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

आमचं घर शिरोली एमआयडीसीच्या कडेला. वडील फाउंड्रीत. भोंगा, ट्रक, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, यात मी लहानाची मोठी झाले. आणि नव्वदच्या दशकात, मोबाईल यायच्या आधी, मी जाऊन पडले चंदगडच्या डोंगरात. एसटी पायथ्याला सोडायची. तिथून ओढा ओलांडून, रान तुडवत वर चढायचं. वर ह्यांचं फॉरेस्ट गार्डाचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि कौलं. समोरच्या उतारावर धनगरवाडा, पाच-सहा घरांचा. लाईट नाही, दुकान नाही. दुरून डोंगर साजरे म्हणणाऱ्याला मी तिथं पावसाळाभर ठेवला असता.

पाऊस लागला की धुकं थेट घरात यायचं आणि अंथरुणात बसायचं. मीठ पाझरायचं, कपडे वाळायचे नाहीत, पायाला जळवा चिकटायच्या. धनगरवाड्यातली माणसं आणि म्हशी एकाच छपराखाली राहायच्या. नाचणीची भाकरी, ताक, रानातली भाजी, हे त्यांचं जेवण. कुणी बाळंतपणात अडली तर घोंगडीची डोली करून तिला खाली न्यायचे. ओढ्याला पाणी असलं तर ते उतरेपर्यंत अलीकडे बसून राहायचे. तक्रार कुणी करत नसे. तक्रार मी करत होते, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

हे सतत फिरतीवर असायचे. मग दिवसच्या दिवस माणसाचा आवाज कानावर पडायचा नाही. मी भांड्यांशी बोलायला लागले. कधी कधी मुद्दाम परात खाली आपटायची, कानाला बरं वाटावं म्हणून. आवाज विरला की आधीपेक्षा जास्त एकटं वाटायचं. इतकं एकटं मला आयुष्यात त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही.

समोरची घरं काही फार लांब नव्हती. हाक मारली तर पोचेल एवढीच. रोज सकाळी मी दारात बसून बघायची. एका घरातली बाई हातात खापर घेऊन दुसऱ्या घरात विस्तव आणायला जायची. गेली की लवकर बाहेर यायची नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरातली बाई तिसऱ्या घरात. मला वाटायचं, बिचाऱ्यांना काडेपेटीही परवडत नाही. कीव करायला काय जातं?

माझ्याकडे कुणी येत नव्हतं. नाही म्हणायला, आम्ही राहायला आलो त्याच दिवशी संध्याकाळी समोरची एक बाई आली होती, माझ्या आईच्या वयाची. आत स्टो पेटलेला होता आणि दारासमोरच्या भिंतीवर आमची बुद्धाची तसबीर. ती उंबऱ्याशी थांबली, आत बघितलं, हसली नाही. मी म्हटलं, "बसा की मावशी." ती म्हणाली, "बसाय न्हाय आलो," आणि गेली.

आता यात मला कारण विचारावं लागत नव्हतं. आमच्या आजोळच्या गावात आम्हाला पाणी वरून ओतायचे. ओंजळीत पडेल तेवढं आपलं. तेव्हापासून कुणी उंबऱ्यात थबकलं की मी समजून घेते आणि पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. त्यांनी यायचं नाही तर आपणही जायचं नाही. पाऊस जरा उघडला की माहेरी जायचं आणि परत यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. पिशवीसुद्धा भरून ठेवली. ह्यांना काय सांगायचं ते तेवढं ठरायचं होतं.

त्यातच पावसानं कहर केला. ओढा भरून वाहायला लागला, हे पलीकडे अडकले. घरात रॉकेल संपलं, आणि काडेपेटीतल्या काड्या ओल्या होऊन गुलच गळून पडायला लागले. आदल्या दिवसापासून पोटात चहासुद्धा नव्हता. सकाळी दारात उभी राहिले तर समोर सगळ्या छपरांतून धूर येत होता. पोटापुढं मान कसली? डोक्यावर पोत्याची खोळ घेतली, एक जुना तवा घेतला आणि त्या बाईच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

"मावशी, थोडा विस्तव देता का?" भांडायला आल्यासारखा आवाज निघाला माझा.

"भायेरनं मागत्यात व्हय इस्तू? आत ये की."

आत धूर आणि म्हशींची ऊब होती. तिनं मला चुलीपुढं बसवलं आणि चिमट्यानं राख सारत बोलायला लागली.

"तू आलीस त्या दिशी आमी इंगळ राखून बसलो हुतो. नव्या घरच्या चुलीत शेजारचा इस्तू पडाय लागतोय. नव्या माणसानं मागाय यायचं, आपणहून न्ह्यायचा नस्तोय. वाट बघितली, आणि सांजच्याला बघाय आलो तर तुझा स्टो पेटल्याला. म्हटलं, गार्डाची बाई. हिला काय आमची गरज न्हाय."

"मला वाटलं..." एवढं बोलून मी थांबले.

"काय वाटलं?"

"काही नाही."

तिनं चिमटा खाली ठेवला. "तेबी हाय की," ती म्हणाली. "आमच्यातली म्हातारी माणसं बोलली तसं. खोटं कशाला बोलू?"

मग तिनं तव्यात इंगळ घातले, पावसानं विझू नयेत म्हणून वर राख ओढली, आणि तवा माझ्या हातात दिला.

क्वार्टरातली चूल मी कधी पेटवलीच नव्हती. त्या दिवशी ती पेटली. चहा पिताना मी रडले, आणि धुरावर ढकलायचं काही कारण नव्हतं, बघायला होतं कोण? पण मन मोठं बेरकी. ते म्हणालं, देण्यात काय आहे? पाणी वरून ओतणारेसुद्धा देतच होते. आपल्या घरचं कुणी घेतं का, तिथं खरी गाडी अडते. आणि हे काही कुणाला तोंडानं विचारता येत नाही. भरलेली पिशवी मी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ती बाई. हातात खापर.

"इस्तू हाय न्हवं?"

मी तिच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. तिच्या छपरातून चांगला जाड धूर निघत होता.

"मावशी, तुमची चूल पेटलीय की."

"पेटलीया. मला तुझ्यातला पायजे."

उंबरा ओलांडून ती आत आली, चुलीपुढं मांडी घालून बसली. चहा टाक म्हणाली, आणि माझ्या कपातून प्याली. म्हशीच्या दुखण्याबद्दल, सुनेच्या आळसाबद्दल आणि माझ्या वाळत न घातलेल्या कपड्यांबद्दल बोलली. आईसारखीच बोलली, म्हणजे टाकूनच. मग मी तिच्या खापरात इंगळ घातले. राख ओढायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे उघडाच."

तिचं घर माझ्या दारासमोरच होतं. पण ती सरळ घरी गेली नाही. भुरभुर पावसात, खापरावर एक हात आडवा धरून, ती खालच्या अंगानं वळसा घालून निघाली. ज्या ज्या घराच्या वळचणीला म्हातारी माणसं बसलेली होती, त्या त्या घरापुढून, सगळ्यांना दिसेल अशी, सावकाश चालत गेली.

त्या पावसाळ्यात मी माहेरी गेले नाही.