शेजारची सीट

मास्तरांनी सव्वीस वर्षांत हजारभर लोकांना गाडी शिकवली, आणि ती सगळी शेजारच्या सीटवर बसून. त्यांच्या पायाशी दोनच पेडल होती, ब्रेक आणि क्लच. "मला फक्त थांबवता येतं," ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, "पळवायची तुम्ही." नवा माणूस हसायचा. मास्तरांच्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारायची, चारही टायर बघायचे आणि मगच दाराला हात लावायचा, हा त्यांचा नियम. शिकणारे लोक परवाना हातात पडला की तो विसरत. मास्तर मात्र बाजारात उभ्या असलेल्या परक्या गाड्यांचेही टायर बघत चालत. "अहो, कधीतरी माणसांकडेही बघा," बायको म्हणायची. "लोकांना वाटेल, हा चोर आहे."

त्यांच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूला, शर्टांच्या मागे, एका गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं. दोन दारांची, बुटकी, आत शिरताना कमरेत वाकायला लावणारी स्पोर्ट्स कार. तिच्याबद्दल छापून आलेलं मास्तरांनी काही सोडलं नव्हतं. ती ज्यांच्याकडे होती असे सात-आठ जण दर रविवारी सकाळी पेट्रोल पंपामागच्या कॅफेत जमत. त्यांच्यात गाडी नसलेले मास्तर एकटेच. त्यांना तिथे आणलं होतं दातांच्या डॉक्टरांनी. डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी, परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालेले. डॉक्टरांची गाडी विटकरी रंगाची.

अकरा वर्षांत मास्तर त्या विटकरी गाडीत शंभरेक वेळा बसले असतील. "मास्तर, जरा बसा हो, क्लच घसरतोय असं वाटतंय." मास्तर शेजारी बसत, डोळे मिटत आणि पुढच्या चौकापर्यंत दोष सांगत. तो कधी चुकला नाही. पण "तुम्हीच चालवून बघा" असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. त्यात वाईट हेतू नव्हता. मास्तर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शेजारचीच सीट यायची. आणि मास्तरांनी मागितली नाही. विद्यार्थ्याकडे किल्ली मागायची तर वाक्य कुठून सुरू करायचं, हे त्यांना अकरा वर्षांत सापडलं नाही.

मग गाडीचं नवं रूप आलं. मंगळवारी फोटो सगळ्यांच्या फोनवर आले आणि रविवारी कॅफेत कोणाचंच कोणाला ऐकू येईना.

"दिवे बघा, दिवे! कोणीतरी झोपेतून उठवल्यासारखे."

"मागून तर थेट इस्त्री दिसते."

"आणि आत हा एवढा मोठा पडदा. याला गाडी म्हणायची की चाकं लावलेला मोबाईल?"

"रंग मात्र बरा आहे," त्यांच्यातले एक, छापखानेवाले, म्हणाले.

"त्या रंगाचं काय लोणचं घालायचंय?" डॉक्टर कडाडले. "गिअरचा दांडाच काढून टाकलाय! क्लचच नाही! मास्तर, तुम्ही गप्प का?"

मास्तर अजून फोनवरचा फोटोच बघत होते. जिची इतकी वर्षं वाट पाहिली, ती पाय तोडून आणल्यासारखी समोर उभी होती. कंपनीला पत्र लिहायचं ठरलं आणि ते मास्तरांनीच लिहावं असंही ठरलं. त्यांनी पाच ओळी लिहिल्या. शेवटची अशी: 'क्लच नसलेल्या या गाडीच्या स्टिअरिंगमागे आमच्यापैकी कोणीही, एकदासुद्धा, बसणार नाही.' छापखानेवाल्यांनी ते जाड कागदावर छापून आणलं. तज्ज्ञ म्हणून पहिली सही मास्तरांची.

गुरुवारी फोन आला. त्याच गाडीच्या शोरूममध्ये काम करणारी मुलगी, मास्तरांचीच विद्यार्थिनी. ते आठवड्यातून एकदा काचेबाहेर उभे असतात, हे तिला माहीत होतं.

"सर, नव्या गाडीच्या टेस्ट ड्राइव्हला शनिवारी अकराला एक जण येत नाहीये. वीस मिनिटं मोकळी आहेत. तुमचं नाव टाकू?"

"उद्या सांगतो," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवून पत्राची प्रत पुन्हा वाचत बसले.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "जा की."

"सही केलीय मी."

"त्यांच्या दारात जुनी उभी आहे म्हणून त्यांना नवीवर रुसता येतं. तुम्ही कशाच्या जोरावर रुसलात?"

शुक्रवारी मास्तरांनी मुलीला फोन करून नाव टाकायला सांगितलं. शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. गाडीभोवती चक्कर मारली, चारही टायर बघितले, दार उघडून वाकून आत बसले, पट्टा लावला. हात पुढे केला तेव्हा कळलं, समोर स्टिअरिंगच नाही.

मुलगी दारापाशी वाकली. हसू तिने मोठ्या कष्टाने आवरलं होतं. "सर, या सीटवर मी बसते."

गोदामांच्या सरळ रस्त्यावर त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. पाठ सीटला चिकटली. वळण आलं, गाडी रुळावरून जावी तशी वळली. गाडी उत्तम होती. पण प्रत्येक सिग्नलला त्यांचा डावा पाय उचलला जाई आणि खाली नुसती चटई लागे. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात ती आपली आपणच जात होती. सव्वीस वर्षं मनात धरून ठेवलेला नेमका तेवढाच क्षण गाडी स्वतःच उरकून टाकत होती.

शेवटच्या वळणावर मुलीने ब्रेक दाबावा तसे पाय खालच्या चटईवर रोवले. "आत्ता कळलं, सर," ती म्हणाली, "तुम्हाला रोज काय होत असेल."

रविवारी मास्तर खुर्चीत टेकतात न टेकतात तोच छापखानेवाल्यांनी घसा खाकरला. "काल गोदामांच्या रस्त्यावर एक तज्ज्ञ दिसले म्हणे. स्टिअरिंगमागे."

"मीच होतो," मास्तर म्हणाले.

मग सगळ्यांच्या खुर्च्या एकदमच पुढे सरकल्या. "कशी आहे हो?"

"चांगली आहे."

"आणि क्लच?"

"डावा पाय वीस मिनिटं बेकार होता. पत्रातलं खोटं नाही."

डॉक्टर मात्र दुखावले होते. "पहिली सही तुमची, मास्तर! एवढी हौस होती तर आमची मागायची. मागितली असती तर दिली असती की!"

विटकरी गाडीची किल्ली टेबलावर दोन कपांच्या मध्ये पडली होती.

"मग मागतो," मास्तर म्हणाले.

"म्हणजे... आत्ता?"

"पुलापर्यंत. आणि परत."

डॉक्टरांनी किल्लीकडे पाहिलं, मग कपाकडे. "आज मागच्या टायरात हवा जरा कमी आहे हो. पुढच्या रविवारी नक्की. काय?"

मास्तरांनी येतानाच चारही टायर बघितले होते. "चालेल," ते म्हणाले. "हवा भरून घ्या."

छापखानेवाले खिडकीबाहेर बघू लागले.

निघताना डॉक्टर जास्तच प्रेमाने बोलत होते. "चला, घरापर्यंत सोडतो." मास्तरांनी गाडीभोवती चक्कर मारली, मागच्या टायरावर बुटाचं टोक दाबून बघितलं. टायर दगडासारखा टणक. डॉक्टर आरशात बघून केस सारखे करत होते. मास्तर शेजारच्या दारापाशी आले, मुठीला हात लावला आणि काढून घेतला.

"नको. आज चालत जातो."

ते फुटपाथला लागले. मागून गाडी सुरू झाली, त्यांना ओलांडून पुढे गेली. डॉक्टरांनी पहिल्यातून दुसरा घाईने टाकला, गिअर कुरकुरला. फुटपाथवर मास्तरांचा डावा पाय जागीच दाबला गेला आणि गाडी तिसऱ्यात जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले.