शरणप्पांचं मोटारीतलं घर

आमच्या भवानी पेठेत शरणप्पांचं तेलाचं दुकान होतं. चौतीस-पस्तीस सालची गोष्ट. सीना नदीच्या काठी मोटार उभी करून, शेजारी कुत्रा बसवून चहा पिणारा एक गोरा साहेब त्यांनी पाहिला आणि त्यांचं धंद्यावरचं लक्षच उडालं. मोडीत निघालेली एक लॉरी घेऊन तिच्यावर त्यांनी सुताराकडून घर चढवलं. बाज, चूल, खिडकीला पडदा, देवाला कोनाडा. साहेबाचा कुत्रा विलायती होता. यांनी गल्लीतलाच एक धरला, टायगर नाव ठेवलं आणि त्याला इंग्रजीत हुकूम सोडू लागले. "टायगर, कम!" म्हटलं की तो स्वतःच्या शेपटीकडं बघायचा. त्यांच्या बायकोनं, हेमावतीनं, कानडीत "बा इल्ली", इकडं ये, म्हटलं की धावत जायचा. घरात मांसमच्छी वर्ज्य, त्यामुळं या वाघाच्या नशिबी ताक-भाकरीच होती.

खरी हौस होती ती हेमावतीला फिरायला नेण्याची. लग्न होऊन आल्यापासून तिनं दुकान आणि माजघर यांपलीकडं काही पाहिलं नव्हतं, हे शरणप्पांच्या मनाला लागलं होतं. पण ती ऐकेना.

"वर चूल अन् खाली पेट्रोल? मी न्हाय येत. बैलगाडी असती तर आले असते की."

"अगं, बैल घेऊन कोण हवा खायला जातं?"

शेवटी ते टायगरला घेऊन निघाले. मठातल्या स्वामींनी मुहूर्त काढला, नारळ फुटला, सगळी पेठ जमली. मोटार गरजत निघाली आणि चार घरं ओलांडून वळणावर बंद पडली. मिस्त्री म्हणाला, सुटा भाग मुंबईहून येईल तेव्हा खरा.

आता पंचाईत अशी, की मुहूर्तानं उंबरा ओलांडलेला माणूस प्रवास पुरा झाल्याशिवाय माघारी घरात पाऊल टाकत नाही. शरणप्पा असल्या गोष्टी काटेकोर पाळणारे. ते मोटारीतच राहिले. घरातून फोडणीचा वास येई, ते इकडं पोहे भिजवत. टायगरला मुहूर्त लागू नव्हता. तो जेवायला घरी जाई आणि झोपायला प्रवासाला येई.

"शरणप्पा, कुटवर आलात?" जो तो विचारी. "काय काय बघितलं?"

"निसर्ग चांगला आहे," ते खिडकीतून गंभीरपणे सांगत. समोर गटार होतं आणि शेजारच्या रेवणसिद्ध गवळ्याच्या म्हशी. आम्ही हसायचो.

हेमावतीला मात्र हसू येईना. एका सकाळी ती मोटारीपाशी आली.

"येन री, काय हे, किती दिवस असं? घरी चला."

"घरी येता येत नाही, मोटार जात नाही, आणि तू येत नाहीस. काय करू, सांग."

तिनं मोटारीभोवती एक फेरी मारली. मग वळून हाक मारली, "रेवणसिद्धा, बैल मोकळं हायत का?"

"मोटारीला बैल? पेठ हसेल, हेमा!"

"मग आता काय रडतीय व्हय?"

रेवणसिद्धानं बैल जुंपले. हेमावती भाकरीचं गठुडं घेऊन मागून चढली.

"तू?" शरणप्पांना खरं वाटेना.

"बैलाच्या गाडीत यायला मी कदी न्हाय म्हटलं?"

मोटार हलली. शरणप्पा पुढं बसून, हातातलं चाक फिरवत, बैलांना भोंगा वाजवत होते. बैल आपल्या मनानं वळत होते. जकात नाका मागं पडला, दोन्हीकडं ज्वारी लागली. हेमावती पडदा सारून विचारू लागली, "ती टेकडी कसली ओ? अन् ते पाखरू?"

शरणप्पांनी चाक सोडलं आणि मागं तिच्याजवळ जाऊन बसले. मोटारीचं काही बिघडलं नाही.