कर्णेवाल्या भाऊंचा राहून गेलेला तास

दुरुस्त झालेला अ‍ॅम्प्लिफायर कर्णेवाले भाऊ गिऱ्हाइकाला लगेच कधी देत नसत. तो दुकानात पुरता एक तास वाजलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक. लग्नघरची माणसं पायरीवर चुळबुळत बसत, आणि भाऊ आतल्या आयसीवर बोट टेकवून डोळे मिटून बसलेले. "त्येला ताप येतो का बघतुय," म्हणत. लोणावळ्याच्या बाजारात इतका हट्टी कारागीर मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका सचोटीचाही नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी तुंगार्लीजवळच्या शाळेत मास्तर होतो. शाळा सुटली की भाऊंकडे चहाला टेकायचो. आयसी ही तेव्हा नवलाईच होती: बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, दोन्ही अंगांना पाय. जळला की तोच नंबर पुण्यातही मिळेल याचा भरवसा नसे. बाकीचे दुकानदार मग पाय जुळणारा कुठलाही ठोकून देत. भाऊ भडकत. "पाय जुळलं म्हंजी दम जुळला व्हय, मास्तर?"

त्या पावसाळ्यात डोंगरातल्या एका ठाकरवस्तीवरचा मातीचा बंधारा झिरपू लागला. मधला ओढा दुथडी भरलेला. पलीकडे पोचायचं ते फक्त आवाजानं. जीप होती, कर्णा होता, पण अ‍ॅम्प्लिफायर भाऊंच्या टेबलावर उघडा पडलेला.

"जळला त्यो आयसी न्हाई माझ्याकडं. हाय त्यो कमी दमाचा. तासभर तरी बघू द्या."

"भाऊ, तास कुठून आणू?" मी ओरडलो.

त्यांनी मुकाट्यानं तो बदली आयसी बसवला आणि झाकण न लावताच डबा घेऊन जीपमध्ये चढले. "आवाज बारीक ठिवा," एवढंच म्हणाले.

ओढ्याच्या घोंघाटापुढे बारीक आवाज काय पोचणार? मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. वस्ती हलली. पोरंबाळं घेऊन माणसं टेकाडावर चढू लागली. मग कर्णा खालच्या शेतातल्या खोपीकडे वळवला, आणि तो मुका झाला. भाऊंनी आयसीवर बोट ठेवलं आणि चटका बसून काढलं. आम्ही घसा फाटेस्तोवर नुसतेच ओरडलो. बंधारा फुटला. खोपीतले धोंडूआबा पाण्याबरोबर गेले.

दिवसकार्य झाल्यावर भाऊ आबांच्या बायकोला भेटायला निघाले. मीही गेलो. भाऊंनी तिला सगळं सांगितलं. आयसी बदली होता, तपासायचा राहिला, चूक आपली. बटणाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, जिवाला लावून घिऊ नगा. त्यास्नी ऐकाया येतच न्हवतं. दोन सालं झाली."

भाऊंनी हात जोडले. आबा दर बाजारी मध विकायला यायचे आणि दुकानाच्या पायरीवर बसून तबकडीवरची गाणी ऐकायचे. आवडलेलं गाणं पुन्हा लावायला सांगायचे. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

उतारावर भाऊ थांबले. "मावशीनं मला सोडलं, मास्तर. पन खोटं बोलून सोडलं. आता म्या कुनाकडं माफी मागू?"

महिन्याभरात त्यांनी दुकान बंद केलं. पुढं दहा-बारा वर्षं जगले. लोक त्यांच्या तोंडावर म्हणत, भाऊंच्या हातून माणूस गेला. भाऊ मान खाली घालून ऐकून घेत. बटण कुणी फिरवलं, हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. ते मी सांगायला हवं होतं.